पंजाच्या (पणजोबाच्या) मागं कसं जायचं? उदगीर भागातलं घर, सल्ला पाहिजे

उदगीरी_पोरगं:
रामराम मंडळी. घराची वंशावळ काढायचं डोक्यात घेतलंय. आज्जाचं नाव माहीत, पंजाचं माहीत, त्याच्या मागं सगळा अंधार. गाव उदगीर तालुक्यात, पंजा निजामाच्या काळात सालगडी होते आन नंतर कुळात जमीन मिळाली एवढंच घरात बोलतात. मी पुण्यात नोकरीला, गावी जाणं दिवाळीला नाहीतर लग्नसराईत, म्हणून आधी कुठं हात घालावा ते सांगा. कुणी म्हणायलंय डीएनए टेस्ट कर, कुणी म्हणायलंय मोडी शीक.

तिफण:
डीएनएत पंजाच्या बापाचं नाव येत नसतंय राव, पैसे ठेवा खिशात. आधी म्हातारी माणसं गाठा, त्यातबी आत्या आन चुलत आज्ज्या. "आपला इतिहास सांगा" म्हणलं की गप बसतात, त्यापेक्षा कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं ते काढा, मग थांबत नाहीत, तुम्ही फक्त रेकॉर्डिंग चालू ठेवा. अजून एक, तुमच्या घरचं सुतक कोण कोण धरतं ते विचारा. दुसऱ्या गावातलं एखादं घर असतंय, येणंजाणं काही नाही पण दहा दिवस पाळतंय, म्हणजे वर कुठंतरी खापरपंजा एकच, आन तुमच्याकडं विसरलेलं नाव त्यांच्याकडं असू शकतंय. साल कुणाला सांगता येत नाही, म्हणून रझाकारीत केवढी होतीस, बहात्तरच्या दुष्काळात कोणतं लेकरू मांडीवर होतं, असं विचारायचं.

निवृत्त_तलाठी:
कुळाची जमीन म्हणलात तर कागद नक्की मिळायला पाहिजे. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर वर्तुळात आकडे दिसतील, ते फेरफार नंबर. एकेक नंबर धरून मागं जायचं. वारसाच्या फेरफारात मयत कोण, कधी वारला, बायको, लेकं आन बऱ्याचदा लेकींचीसुद्धा नावं असतात, घरच्या वंशावळीत लेकी कुणी लिहीत नाही, त्या इथं सापडतात. असं करत १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत या, मराठवाड्यात जमिनीच्या कुठल्याबी कामाला शेवटी तोच कागद मागतात. त्याच्या मागं सेतवार, म्हणजे जमीन मोजणीच्या वेळचं जुनं रजिस्टर. १९५० च्या हैदराबाद कुळकायद्यातली संरक्षित कुळांची नोंदबी तहसीलला विचारा, पंजाचं नाव तिथं बापाच्या नावासकट असू शकतंय. नकला प्रमाणित घ्या, नुसता मोबाईलवर फोटो काढला तर नंतर कोणत्या रजिस्टरचं कोणतं पान ते कळत नाही.

निजामी कागदावर सन फसली असतो, त्यात ५९० मिळवा, १३५७ फसली म्हणजे १९४७-४८.

मांजराकाठ:
वर कुणी बोललं नाही म्हणून सांगतो, उदगीर, अहमदपूर, निलंगा १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. मग उस्मानाबादेत (आताचं धाराशिव) आले आन लातूर जिल्हा झाला १९८२ ला. म्हणजे तहसीलला नाही मिळालं तर लातूरच्या आधी उस्मानाबाद, त्याच्या आधी बीदर, असं उलटं जावं लागतंय. लोक लातूरला एक चक्कर मारून "रेकॉर्ड जळालं" म्हणून मोकळे होतात. अंबाजोगाईवाल्यांनी कागदावर मोमिनाबाद शोधायचं, तेबी ध्यानात ठेवा.

आई_राजा_उदो:
तुळजापूरला तुमच्या घराचे पुजारी कोण ते विचारा की! आमच्या पुजाऱ्यांच्या वहीत आज्जाच्या चुलत्याचं नाव निघालं, घरात कुणाला पत्ता नव्हता. गाव आन आडनाव सांगितलं की वही काढतात. त्र्यंबकेश्वर, गया, काशीच्या तीर्थोपाध्यायांकडंबी नामावळ्या असतात.

तिफण:
तुळजापूर ठीक हाय, पण सालगड्याच्या घरातनं त्या काळात गयेला कोण जाणार? ते पाटील-देशमुखांना सापडतंय. आन ते ऑनलाइन पैसे घेऊन थेट सूर्यवंशाला नेऊन भिडवणारे हायेत ना, त्यांच्यापासनं लांब राहा.

निवृत्त_तलाठी:
तिफण बरोबर बोलले. कुणबी नोंदींसाठी २०२३ ला न्या. शिंदे समिती नेमली, तेव्हापासून दप्तरखान्यातली लई जुनी रजिस्टरं बाहेर निघाली आन सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकल्यात. प्रमाणपत्राशी तुमचा संबंध असो नसो, गावाचं नाव घालून एकदा बघा. झेडपी शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टरबी, आज्जा दोन दिवस का होईना शाळेत गेले असतील तर.

उदगीरी_पोरगं:
लई आभार. पण निजामी कागद उर्दूत निघाला तर वाचणार कोण?

मांजराकाठ:
उदगीरात उर्दू शाळेचे रिटायर मास्तर भेटतील, चहा पाजा, आनंदानं वाचतात. फक्त नावं दोनदा वाचून घ्या, उर्दूत ब ला खाली एक नुक्ता (टिंब) आन प ला तीन, घाईत लिहिणाऱ्यानं दोन खाऊन टाकले की बापूचा बाबू होतो. मास्तरकडं जायच्या आधी आत्याकडनं नावांची यादी करून न्या, म्हणजे त्यांनाबी अक्षर लावायला सोपं जातंय.

उदगीरी_पोरगं:
आत्या लातूरला हाय, ह्या रविवारी जातो. सुतकाचं तिलाच विचारतो, औशाकडचं एक घर हाय तसं.