विषय: भरपाई मिळवून देतो म्हणणारे फोन आणि आगाऊ फी

प्रेषक: मीनल, रेडिंग

नमस्कार मंडळी,

सध्या गाडीच्या फायनान्सच्या भरपाईवरून, म्हणजे गाडी कर्जावर घेताना डीलरला दिल्या गेलेल्या कमिशनबद्दल मागायच्या भरपाईवरून, फोनांचा सपाटा चालू आहे. बोलणारा सांगतो की तुमचे हजारो पौंड अडकलेत, फक्त फाइल उघडायची फी आधी भरा, बाकी सगळं आम्ही बघतो. आपल्या ज्येष्ठ सभासदांकडून आणि इथे राहायला आलेल्या आईवडिलांकडून याबद्दल विचारणा होते आहे. अशी फी आधी मागता येते का? आणि कुणी भरून बसलं असेल तर काय करायचं? माहीतगारांनी नेमकं लिहावं, म्हणजे तेच सगळ्यांना पाठवता येईल.

मीनल

---

प्रेषक: श्रीकांत, मिल्टन कीन्स

मीनल,

आधी फोनबद्दल. ८ सप्टेंबर २०१८ पासून ब्रिटनमध्ये दाव्यांच्या कामासाठी असा फोन करायला तुमची आधीची संमती लागते, आणि ती फोन करणाऱ्या कंपनीलाच दिलेली असावी लागते. ‘तुम्ही एका वेबसाइटवर टिक केलं होतं’ हे उत्तर पुरेसं नाही. त्यामुळे न विचारता फोन करणारी कंपनी बोलायला सुरुवात करतानाच नियम मोडत असते. तिचं पुढचं ऐकून घ्यायचं काही कारण नाही. वडीलधाऱ्यांना एवढंच सांगा, की ‘नको’ म्हणून फोन ठेवण्यात उद्धटपणा नाही. समोरच्याचं मन राखायला आपली माणसं बोलत राहतात आणि त्या दहा मिनिटांत जन्मतारीख, पत्ता, बँकेचं नाव सगळं सांगून बसतात.

आता फी. १ एप्रिल २०१९ पासून भरपाईचे दावे चालवणाऱ्या या कंपन्या एफसीएच्या (ब्रिटनच्या वित्त नियामकाच्या) देखरेखीखाली आहेत. १ मार्च २०२२ पासून बँका, कर्जं, फायनान्स अशा आर्थिक दाव्यांवरच्या फीला मर्यादा आहे. भरपाई १,५०० पौंडांच्या आत असेल तर ३० टक्के, पण ४२० पौंडांहून जास्त नाही. तिथून १०,००० पौंडांच्या आत २८ टक्के, जास्तीत जास्त २,५०० पौंड. त्यावरच्या रकमांना टक्केवारी उतरत जाते. व्हॅट वेगळा. समजा ७०० पौंड मंजूर झाले, तर २१० पौंड फी आणि ४२ पौंड व्हॅट असे २५२ पौंड जातात आणि हातात ४४८ राहतात.

ही फी मिळालेल्या भरपाईच्या हिशेबाने ठरते. भरपाई किती हेच ठरलेलं नसताना टक्केवारी कशाची काढणार? म्हणून अशा दाव्यात ‘आधी पैसे भरा’ म्हणणारा फोन फसवणुकीचाच धरून चालावं. गिफ्ट कार्डाने भरा म्हणाला तर शंकेलाही जागा नाही.

आणि मुळात हे काम फुकट होतं. तक्रार डीलरकडे करायची नाही, ज्या फायनान्स कंपनीने कर्ज दिलं तिच्याकडे करायची. पत्रात नाव, त्या वेळचा पत्ता, गाडीचा नंबर आणि कराराचा अंदाजे महिना लिहा. करार क्रमांक असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. प्रश्न तीनच विचारा: डीलरला कमिशन दिलं का, किती दिलं, आणि व्याजदर वरखाली करायची मुभा त्याला होती का? फायनान्स कंपनीचं नाव आठवत नसेल तर जुन्या बँक स्टेटमेंटमध्ये डायरेक्ट डेबिट शोधा. क्रेडिट रिपोर्टमध्ये बंद झालेली खाती सहा वर्षं दिसतात. एफसीएने ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडलेल्या भरपाई योजनेत ६ एप्रिल २००७ ते १ नोव्हेंबर २०२४ या काळातले करार धरले होते. पीसीपी (हप्त्यांनंतर शेवटची मोठी रक्कम भरून गाडी ठेवायची की परत करायची ते ठरवायचं) आणि हायर पर्चेस (सगळे हप्ते भरले की गाडी आपली) त्यात येतात. गाडी नुसती भाड्याने घेतली असेल, म्हणजे पीसीएच, तर नाही. फोनवाले हा फरक विचारतही नाहीत.

एरवी कंपनीने आठ आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं. ते पटलं नाही तर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ऑम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि वित्त कंपन्यांमधले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र सेवेकडे, जाता येतं, तेही फुकट. गाडीच्या फायनान्सच्या तक्रारींसाठी मात्र एफसीएने ही आठ आठवड्यांची मुदत लांबवली होती. ‘तुमच्या पत्राला उत्तर नाही म्हणजे ते दाबून टाकलं’ असं सांगणारे फोन याच उशिराचा फायदा घेतात.

श्रीकांत

---

प्रेषक: वैशाली, लेस्टर

मीनलताई, श्रीकांतदादांनी लिहिलंय त्यात सहीची भर घालते. माझ्या मते आगाऊ फीइतकाच धोका तिथे आहे.

फोननंतर मेसेजमधून एक लिंक येते. ‘तुम्ही पात्र आहात का ते फक्त बघू’ असं म्हणून स्क्रीनवर बोटाने सही करायला लावतात. त्या एका सहीखाली दोन कागद असू शकतात: तुमच्या वतीने बोलण्याचं अधिकारपत्र आणि फीचा करार. त्याच पानावर क्रेडिट रिपोर्ट बघायची परवानगीही घेतलेली असते. मग त्यातून तुमचे सगळे जुने करार काढून प्रत्येकावर तक्रार टाकली जाते. तीच लिंक दुसऱ्या कंपनीकडूनही आली आणि तिथेही सही झाली, तर एकाच भरपाईवर दोघांची बिलं येतात. पैसे फायनान्स कंपनीने थेट तुमच्या खात्यात जमा केले तरी बिल टळत नाही.

सही झालीच असेल तर १४ दिवसांच्या आत करार मोडता येतो. फोनवर सांगू नका, ईमेलने कळवा. करार रद्द करत आहे, अधिकारपत्र मागे घेत आहे, माझी माहिती पुसून टाका, ही तीन वाक्यं पुरतात. त्याची प्रत फायनान्स कंपनीलाही पाठवा. हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही आणि मग पत्रव्यवहार त्या दलालाकडेच जात राहतो. १४ दिवस उलटल्यावरही करार मोडता येतो, पण तोवर झालेल्या कामाचे वाजवी पैसे ते मागू शकतात. तेव्हा कामाचा तपशील लेखी मागा.

पैसे भरले असतील तर ते कसे भरले त्यावर पुढचं ठरतं. डेबिट कार्डाने भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाचे पैसे उलट फिरवून परत, मागा, त्याला साधारण १२० दिवसांची मुदत असते. क्रेडिट कार्डाने १०० पौंडांहून जास्त भरले असतील तर १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं कलम ७५ लागू होतं, म्हणजे कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. बँक ट्रान्सफर केली असेल तर लगेच १५९ फिरवा. बहुतेक मोठ्या बँकांचा फ्रॉड विभाग तिथून मिळतो. ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून ट्रान्सफर करायला लावलेले पैसे बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत परत करायचे आहेत. त्यातून १०० पौंडांपर्यंत वजावट होऊ शकते आणि मागणी १३ महिन्यांत करावी लागते. यात अडतं ते इथे: नोंदणी असलेल्या खऱ्या कंपनीने काम नीट केलं नाही, हा वाद या नियमात बसत नाही. तिथे कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग ऑम्बड्समन, कारण दावे कंपन्यांविरुद्धच्या तक्रारीही आता तेच ऐकतात.

एकदा पैसे गेले की त्या घरी दुसरा फोन येतो, ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडी फी लागेल’ म्हणून. फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात. म्हणून ज्यांच्याकडून पैसे गेलेत त्यांना आजच सावध करा.

वैशाली

---

प्रेषक: मीनल

दोघांचे आभार. नोंदणी तपासायची कशी? आणि विमानाला उशीर झाला किंवा कौन्सिल टॅक्सचा (घरपट्टीसारख्या स्थानिक कराचा) बँड, म्हणजे कराचा गट, चुकलाय म्हणून येतात त्या फोनांनाही हेच लागू का?

---

प्रेषक: श्रीकांत

एफसीए रजिस्टरवर, म्हणजे नोंदणी असलेल्या कंपन्यांच्या तिच्या ऑनलाइन यादीत, नाव शोधा, पण तिथेच थांबू नका. खऱ्या कंपनीचं नाव आणि नोंदणी क्रमांक सांगून फोन करणारे नकली असतात. रजिस्टरवर दिलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करून विचारा. एफसीएची हेल्पलाइन ०८०० १११ ६७६८. समोरचा स्वतःला सॉलिसिटर (वकील) म्हणवत असेल तर नाव एसआरएकडे, म्हणजे सॉलिसिटरांच्या नियामकाकडे, तपासा.

मीनल, तुझे शेवटचे दोन्ही प्रकार एफसीएच्या कक्षेत नाहीत, म्हणून वरची फीची मर्यादा तिथे लागू नाही आणि जास्त जपायला हवं. विमानाची भरपाई एअरलाइनच्या वेबसाइटवरच्या फॉर्मवरून मागता येते. हीथ्रोहून मुंबईला जाताना कुठलीही एअरलाइन असो, ब्रिटनचा नियम लागू आहे. मुंबईहून इकडे येताना मात्र एअरलाइन ब्रिटिश किंवा युरोपीय असली तरच. चार तासांहून जास्त उशिराला ५२० पौंड, तीन ते चार तासांना निम्मे होऊ शकतात. खराब हवामानासारखं कारण असेल तर काही मिळत नाही, आणि फी घेणारा दलालही ते बदलू शकत नाही.

कौन्सिल टॅक्सचा बँड इंग्लंड-वेल्समध्ये व्हीओएकडे (घरांचे बँड ठरवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे) फुकट तपासून मिळतो. इंग्लंडमध्ये तो घराच्या १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरलेला आहे, त्यामुळे आजच्या किमतीचा हिशेब सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आधी शेजारच्या तशाच घरांचे बँड ऑनलाइन बघा. तपासणीत बँड वरही जाऊ शकतो, हे फोनवाला सांगत नाही.

नको असलेले मेसेज ७७२६ या मोबाइल कंपन्यांच्या तक्रार नंबरवर पुढे पाठवा आणि आपला नंबर टीपीएसमध्ये, म्हणजे विक्रीचे फोन नको असलेल्यांच्या यादीत, नोंदवा. नोंदणी फुकट आहे, पूर्ण परिणाम दिसायला २८ दिवस लागतात. त्यानंतरही फोन आले तर आयसीओकडे (वैयक्तिक माहिती आणि नको असलेल्या फोनांवरच्या नियामकाकडे) तक्रार करताना तारीख, वेळ आणि दिसलेला नंबर लिहा.