मदत हवी: एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप दोन असू शकतात का?

नमस्कार मंडळी. प्रश्न मांजराचा आहे, पण उत्तर आनुवंशिकता कळणाऱ्या कुणाकडून तरी हवंय.

गिरगावातल्या आमच्या चाळीत जिन्याखाली चंपी राहते. तिरंगी आहे, पांढऱ्यावर काळी आणि केशरी ठिगळं. महिन्यापूर्वी व्याली. चार पिल्लं: एक केशरी, एक काळंकुट्ट, एक आईसारखं तिरंगी, एक काळं-पांढरं. समोरचे अण्णा पहिल्या दिवसापासून ठासून सांगतायत की बाप म्हणजे मासळीवाल्या मावशींच्या मागे फिरणारा तो काळा बोका. मलाही पटलं होतं. मग उगाच वाचत बसले आणि घोळ झाला.

मला समजलं ते असं. केशरी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. बोक्याकडे एक्स एकच, तोही आईकडून आलेला, म्हणून तो केशरी तरी नाहीतर काळा तरी. (पांढऱ्या डागांचा कारभार वेगळ्याच गुणसूत्रावर चालतो, तो सोडून द्या.) भाटीकडे दोन एक्स. एकावर केशरी आणि दुसऱ्यावर साधा असेल तर गर्भातच प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक बंद पडतो, कुठे हा तर कुठे तो, म्हणून ठिगळं. ही एक्स बंद पडण्याची कल्पना मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांवरून मांडली होती.

आता अडचण. केशरी पिल्लू मादी आहे, म्हणजे बापाकडूनही केशरी एक्स यायला हवा. काळ्या बोक्याकडे तो नाहीच! आणि काळं पिल्लूही मादीच, तिला बापाने साधा एक्स दिलाय. एक बोका दोन्ही कुठून देणार? काळं-पांढरं मात्र बोका आहे, त्याचं काही अडत नाही.

मग बाप दोन का?

प्रतिसाद १
असू शकतात. भाटीत बीजं समागमानंतरच सुटतात, आणि माजावर असताना ती एकाहून जास्त बोक्यांना जवळ करते. पण आधी नर-मादी पुन्हा बघा, या वयात भलेभले फसतात. शेपूट उचला. दोन छिद्रं अगदी जवळ आणि खालचं उभ्या चिरेसारखं असेल तर मादी. अंतर जास्त आणि खालचं गोल टिंबासारखं असेल तर बोका. तिरंगी तपासायची गरज जवळजवळ नाही. तिरंगी बोका व्हायला साधारणपणे एक्स-एक्स-वाय लागतं, ते फार विरळ, आणि असा बोका बहुधा वांझ.

प्रतिसाद २
जाता जाता, हा केशरी जनुक नेमका सापडला २०२५ मध्ये. जपानचं क्युशू विद्यापीठ आणि अमेरिकेतलं स्टॅनफर्ड, दोघांनी स्वतंत्रपणे शोधला. एक्सवर एआरएचजीएपी३६ या जनुकाजवळचा सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. त्यामुळे रंग बनवणाऱ्या पेशींत एरवी झोपलेला हा जनुक जागा होतो आणि काळ्याऐवजी केशरी रंग बनतो.

धागाकर्ती
काल टॉर्च लावून पाहिलं. केशरी मादीच आहे. काळं मात्र बोका निघालं, मी चुकले होते. म्हणजे दोन्ही काळ्यांचा रंग नुसता चंपीकडून आलेला, आणि चौघांना बाप एकच पुरतो, पण तो केशरी हवा.

अण्णांना सांगितलं. म्हणाले, "आपल्या वाडीत केशरी बोका पाहिलाय का कुणी?"

खरंच, मीही नाही पाहिलेला.