टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) फाइली लिहायला नवीन माणसाला आधी नॅनो हा एडिटर शिकवावा की थेट विम?

सर्व्हरवाली: माझं मत, आधी नॅनोच. ज्युनिअर पोरांना लिनक्स शिकवते मी, आणि पहिल्या दिवशी विम दिला की दरवेळी तेच होतं, पोरं उघडल्या उघडल्या टाइप करायला लागतात, अक्षरं कमांड म्हणून जातात, एखादी ओळ उडते आणि बाहेर कसं पडायचं कळत नाही म्हणून टर्मिनलची खिडकीच बंद करतात. नॅनोत टाइप करा, कंट्रोल-ओ दाबून सेव्ह, कंट्रोल-एक्स दाबून बाहेर, आणि हे खाली दोन ओळींत लिहिलेलं असतंच. तिथलं टोपीसारखं चिन्ह म्हणजे कंट्रोल, एवढं एकदा सांगितलं की पुरतं.

कोलन_क्यू: नाही पटलं ताई. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या वेगळ्या कप्प्यात) शिरलात तर नॅनो नसतो, बिझीबॉक्स या कमांडसंचातला छोटा व्हीआय असतो, विम ज्याच्यावरून आला तो एडिटर. तिथे ही पोरं काय करणार? आणि विमच्या कळा उगाच विचित्र नाहीयेत. बिल जॉयने १९७६ च्या सुमारास व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर, त्याच्या कीबोर्डवर बाण एच-जे-के-एल वरच छापलेले होते आणि एस्केप आजच्या टॅबच्या जागी, म्हणजे बोटाखालीच. हे कळलं की मोड (एक टाइप करायचा, एक कमांडचा, एस्केपने कमांडच्यात परत) डोक्यात बसतात. विमट्यूटर हा विमसोबतचा धडा चालवा, अर्धा तास लागतो फक्त.

इनस्क्रिप्टवाला: अर्धा तास इंग्रजी टाइप करणाऱ्यांना हो. मी मराठी मजकूर लिहितो, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड लेआउट चालू असताना एस्केप मारून ओळ पुसायला डी-डी दाबलं तर डी च्या कळीवरून हलन्त जातो, विमला काहीच कळत नाही. दर वेळी लेआउट बदला, पुसा, परत बदला. माझ्यासारख्याला नॅनोच बरा.

कोलन_क्यू: हा त्रास खराय, मान्य. पण सर्व्हरच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली मराठीत कोण लिहितं? धागा त्याच कामाचा आहे ना.

सर्व्हरवाली: त्याच कामाचं बोलते. पोरगं पहिल्यांदा गिट कमिट करतं (कोडमधला बदल नोंदवतं), मेसेज द्यायचा राहतो आणि अचानक विम समोर येतो, तिथे त्याला एच-जे-के-एल चा इतिहास नकोय, सुटका हवीय. म्हणून आता पहिल्याच दिवशी एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर एवढं पाठ करून घेते, हे न सेव्ह करता बाहेर पडतं हेही बजावते, आणि एडिटर व्हेरिएबलमध्ये (कुठला एडिटर उघडायचा त्या सेटिंगमध्ये) नॅनो टाकून देते. बाकी विम महिन्याभराने, ज्याला हवा त्याला.

कोलन_क्यू: महिन्याभराने कोणी शिकत नाही ताई, नॅनोची सवय लागली की तिथेच राहतात. मी तरी माझ्या टीममध्ये पहिल्या दिवसापासून विमच देणार.