साथीतून वाचलेला मासा सुरक्षित नसतो
साथीतून तगलेले सायप्रिनस (कॉमन कार्प मासे) ‘पक्के’ झाले, आता बिनधास्त दुसऱ्या तळ्यात सोडा, असा सल्ला दिला जातो. अर्धंच बरोबर. कोई हर्पिस या सायप्रिनसच्या विषाणूजन्य रोगातून वाचलेला मासा सहसा पुन्हा मरत नाही, पण विषाणू त्याच्या अंगात दबा धरून राहतो आणि नव्या तळ्यात पसरू शकतो. इस्रायलमध्ये १९९८ च्या साथीनंतर मासे मुद्दाम संसर्ग करून असे ‘पक्के’ करत: बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) काही दिवस आजारी माशांसोबत २२-२३ अंशांच्या पाण्यात, मग महिनाभर ३० अंशांत, कारण तिथे विषाणूची वाढ थांबते. मासे तगले, पण वाहक होऊनच.

रोहू-कटला धडधाकट, फक्त सायप्रिनस मरतायत, कल्ल्यांवर पांढरट चट्टे, डोळे खोल गेलेले, असं दिसलं तर हाच रोग असू शकतो, नमुना प्रयोगशाळेत पाठवा. दुकानदार अँटिबायोटिक गळ्यात मारेल, विषाणूला त्याचं काय!