राखीव घटकांच्या पीएचडी फेलोशिपमध्ये शिकवायला वर्गही द्यावा का? (ऑनलाइन चर्चा)

तळटीप

प्रबंध जमा करून चार महिने झाले. त्यानंतरच्या पहिल्याच मुलाखतीत तज्ज्ञांनी फाइल चाळली आणि विचारलं, "शिकवलंय कुठे?" कुठेच नाही. पाच वर्षं फेलोशिपवर होते, पुराभिलेखागार आणि ग्रंथालय यांच्या पलीकडे फारशी गेले नाही. फेलोशिप घेताना दुसरीकडे पगारी काम करायचं नाही, ही अटच असते. ती पाळली, आणि तीच अंगाशी आली.

माझ्यासोबत मुलाखतीला आलेल्या एकीचे वडील प्राचार्य होते. त्यांच्या ओळखीच्या कॉलेजात तिला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षापासून अधूनमधून तास मिळत गेले. तिनं काही गैर केलं असं मी म्हणत नाही. पण वर्ग मिळणं हे ओळखीवर चालतं, आणि आमच्यासारख्यांच्या घरात ती ओळख नसते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या आणि केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या फेलोशिपा, या सगळ्या पैसे देतात. फळा देत नाहीत.

२०२०-२१ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातल्या प्राध्यापकांत अनुसूचित जातींचे सुमारे ९ टक्के आणि अनुसूचित जमातींचे सुमारे अडीच टक्के होते. लोकसंख्येतला वाटा २०११ च्या जनगणनेत १६.६ आणि ८.६ टक्के.

म्हणून माझं म्हणणं: फेलोशिपची शेवटची दोन वर्षं आणि पदवीनंतरचं एक वर्ष अध्यापन फेलोशिपचं करावं. सत्राला एक पेपर, पूर्ण स्वतःचा, म्हणजे अभ्यासक्रमाची आखणी ते पेपर तपासणी सगळं. सोबत एक अनुभवी प्राध्यापक, जो महिन्यातून एकदा मागच्या बाकावर बसेल. आणि त्याचे वेगळे पैसे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या पीएचडी विनियमांत आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन किंवा संशोधन सहाय्य देता येईल असं आहेच. प्रत्यक्षात त्या तासांत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. गाइड परगावी गेले की त्यांचा तास घ्यायचा, नाहीतर उत्तरपत्रिकांची बेरीज.

मतं हवी आहेत. विरोधी असली तर जास्तच.

शून्य_अंश

विरोधी मत मागितलंत म्हणून देतो.

शिकवायचं प्रशिक्षण ही काही सवलत नाही. प्रत्येक पीएचडीवाल्याला ते लागतं. आपल्याकडे शाळामास्तराला बीएड लागतं आणि विद्यापीठात शिकवणाऱ्याला शिकवण्याचं काहीच लागत नाही, हा मूळ विनोद आहे. २०२३ च्या जुलैपासून तर सहायक प्राध्यापकाला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरे, पीएचडीसुद्धा ऐच्छिक. मग हे वर्ग फक्त राखीव घटकांना का? मी खुल्या वर्गातला, घरात पहिला पदवीधर, मराठी माध्यम, वडील एसटीत वाहक. माझ्या ओळखीचे प्राचार्य कोण होते?

दुसरं, विद्यार्थ्यांचा विचार कुणी केलाय का? त्यांनी फी भरायची आणि तुमच्या सरावाचं गिऱ्हाईक व्हायचं.

खडूधूळ

तळटीप, तुम्ही ज्याला संधी म्हणताय ते मी नऊ वर्षं करतोय. त्याला तासिका तत्त्व म्हणतात, म्हणजे तासागणिक पैसे.

जाहिरात निघेपर्यंत निम्मं सत्र संपलेलं असतं. मान्यता यायला आणखी उशीर. तोवर आपण शिकवत असतो, कारण मुलं वर्गात बसलेली असतात. मार्चअखेर काम संपतं, बिल पुढच्या वर्षी कधीतरी निघतं. उन्हाळ्यात आपण कोण असतो, ते कुणालाच ठाऊक नसतं. आता तुम्ही त्याला 'फेलोशिप' असं गोंडस नाव देऊन आणखी एक दालन उघडताय.

नीट विचार करा. विभागात सहा मंजूर जागा, दोन भरलेल्या. रिकाम्या चारपैकी दोन राखीव, अनुशेषातल्या, म्हणजे आधीच भरायच्या राहून गेलेल्या. उद्या तिथं सरकारी पैशावर दोन फेलो शिकवायला आले. संस्थेला पगार द्यायचा नाही, सरकारला जागा भरायची नाही. "वर्ग चालू आहेत ना?" असं विचारलं की उत्तर तयार: चालू आहेत. राखीव जागा रिकामी ठेवून त्याच घटकातल्या पोराकडून तिचं काम करून घ्यायचं, याहून स्वस्त सौदा कुठला?

बाकी शून्य_अंश, विद्यार्थ्यांचं एवढं वाईट वाटत असेल तर आज त्यांना कोण शिकवतंय ते जरा जाऊन बघा. मीच शिकवतोय.

शून्य_अंश

खडूधूळ, तो टोला मान्य. विद्यार्थ्यांचा मुद्दा मागे घेतो. पहिला घेत नाही.

निवृत्त_मास्तर

निवड समित्यांवर बरीच वर्षं बसलो आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली रुक्ष आहे, पण सगळी गोम तिथेच आहे.

यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत मुलाखतीला बोलावण्यासाठी गुणांचा तक्ता आहे. विद्यापीठातल्या पदासाठी पीएचडीला ३० गुण, जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) सह नेट असेल तर ७. अध्यापन किंवा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०. दहा गुण म्हणजे थोडे नव्हेत, यादीत बोलावणं येणं न येणं त्यावर ठरतं. आता त्याच विनियमांतलं ३.११ कलम वाचा. पीएचडी मिळवण्यात गेलेला काळ अध्यापनाचा किंवा संशोधनाचा अनुभव म्हणून धरायचा नाही. मात्र आधीच नोकरीत असलेला माणूस रजा न घेता शिकवत शिकवत पीएचडी करत असेल, तर त्याचा तो काळ धरायचा. म्हणजे खुर्चीवर बसलेल्याचा तास मोजला जातो, खुर्चीसाठी उभा असलेल्याचा मोजला जात नाही.

तेव्हा तळटीप, तुमच्या योजनेतली पीएचडीच्या काळातली दोन वर्षं शिकवून गुण शून्य. पदवीनंतरच्या एका वर्षाचे फार तर दोन. योजनेचं पहिलं कलम हा नियम बदलण्याचं हवं, नाहीतर बाकीचं सगळं मुसळ केरात.

दुसरी गोष्ट सांगावी की नाही, ठरत नव्हतं. राखीव जागेसाठी एक उमेदवार आला होता. लेखन उत्तम. समोर सात माणसं बघून अडखळला, इंग्रजीतून सुरुवात केली, मध्येच मराठीवर आला, मग गप्पच झाला. आम्ही लिहिलं, योग्य उमेदवार आढळला नाही. त्या कागदावर माझीही सही आहे. त्याला आधी दोन वर्षं वर्ग मिळाला असता तर तो अडखळला नसता असं मला वाटतं. आणि समितीतल्या दोघांनी नकार आधीच ठरवून आणला होता, त्यामुळे त्यानं काहीही केलं असतं तरी फरक पडला नसता, असंही वाटतं. दोन्ही खरं असेल.

पारंब्या

मी कॅलिफोर्नियात पोस्टडॉक आहे, इथला अनुभव थोडक्यात.

असे प्रयोग इथं चाळीस वर्षं चालू आहेत. विल्यम्स कॉलेजनं १९८५ मध्ये त्यांच्या पहिल्या कृष्णवर्णीय पदवीधराच्या, गायस चार्ल्स बोलिन यांच्या नावानं फेलोशिप काढली. तिचं स्वरूप तळटीप म्हणतात त्याच्या जवळचं आहे: काम मुख्यतः प्रबंधाचं किंवा संशोधनाचं, शिकवणं मोजकं, आणि शिकवायचं ते पूर्ण जबाबदारीनं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा प्रेसिडेंट्स पोस्टडॉक कार्यक्रम १९८४ चा. त्यातली मला सर्वांत शहाणी वाटलेली गोष्ट म्हणजे, एखाद्या विभागानं त्या फेलोला कायम होऊ शकणाऱ्या प्राध्यापकपदावर घेतलं, तर सुरुवातीची पाच वर्षं त्या पगाराचा भार उचलायला विद्यापीठाच्या अध्यक्षांचं कार्यालय मदत करत आलंय. म्हणजे फेलोला घेण्यात विभागाचा फायदा.  खडूधूळ म्हणतात त्या सौद्याच्या नेमकं उलट.

शून्य_अंश यांच्या मुद्द्यालाही इथं इतिहास आहे. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी प्रपोझिशन २०९ हा जनमताचा प्रस्ताव मंजूर केला आणि सार्वजनिक विद्यापीठांना वंशाच्या आधारे निवड करणं बंद झालं. कार्यक्रम मेला नाही. अर्ज सगळ्यांना खुले झाले, आणि उमेदवाराच्या संशोधनातून, शिकवण्यातून वंचितांसाठी काय होतं ते पाहिलं जाऊ लागलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्डच्या खटल्यात प्रवेशातला वंशाचा विचार नाकारला, तेव्हापासून मात्र अशा सगळ्याच योजनांवर टांगती तलवार आहे. फोर्ड फाउंडेशनच्या जुन्या, नावाजलेल्या फेलोशिपा तर त्याआधीच बंद करायचं ठरलं होतं, शेवटची निवड २०२४ ला झाली.

तोटाही सांगते. विभागात वंचित घटकातली एकच व्यक्ती असली की सगळ्या समित्यांवर तीच. एकटी पडलेली मुलं तिच्याच दारात. तिला त्यांना परत पाठववत नाही. मग प्रबंधाचं चौथं प्रकरण राहतं ते राहतंच.

खडूधूळ

पारंब्या, माहिती उपयोगी. पण हा फरक विसरू नका: अमेरिकेत प्राध्यापकपदाला आरक्षण नाही, म्हणून त्यांना असले आडमार्ग शोधावे लागले. आपल्याकडे कायदा आहे. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानं राखीव जागा मोजायला विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक झालं आणि त्या जागा भराभर आटल्या. आंदोलनं झाली, २०१९ मध्ये संसदेनं केंद्रीय संस्थांसाठी कायदा करून ते पूर्ववत केलं. सरळ दार आहे हो. ते उघडायचं सोडून खिडकीची रुंदी काय मोजत बसलोय?

आणि 'तयारी' या शब्दाचीच मला धास्ती आहे. २०२० मध्ये आयआयटींतल्या आरक्षणाबद्दल नेमलेल्या समितीनं काय सुचवलं? आयआयटींना प्राध्यापक भरतीतल्या आरक्षणातून सूट द्या. आणि राखीव घटकांतल्या मुलांना पीएचडीच्या तयारीसाठी दोन वर्षांची संशोधन सहाय्यक योजना द्या. एकाच अहवालात दोन्ही! तयारी आमची करून घ्यायची आणि जागा काढून घ्यायची.

तळटीप

हे वाचून बराच वेळ गप्प बसले होते. ३.११ मला माहीत नव्हतं. प्रस्ताव बदलते: ज्या विभागात मंजूर राखीव जागा रिकामी आहे तिथंच अध्यापन फेलो द्यायचा, आणि तो येतो त्याच दिवशी त्या जागेची जाहिरात काढणं बंधनकारक. जाहिरात नाही, तर फेलो नाही.

शून्य_अंश, तुमचं निम्मं मान्य. प्रशिक्षण सगळ्यांना हवंच. पण सगळ्यांसाठीची योजना येईल तेव्हा येईल. तोवर ज्यांना घरातून काहीच मिळत नाही त्यांनी थांबायचं का? तुमचे वडील वाहक होते, तुम्हालाही वर्ग मिळायला हवा होता. माझ्यामुळे तो हुकला नाही, एवढंच.

खडूधूळ, एका जुन्या गोष्टीची आठवण करून देते. १९१८ मध्ये डॉ. आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्र शिकवायला लागले ते मुळात लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पैसे हवेत म्हणून. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठाला त्यांनी हात लावू नये अशी सहकाऱ्यांची हरकत. मुलांनाही आधी शंका होती. पुढे इतर कॉलेजांतली मुलं त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. मतं वर्गात बदलली. मुलाखतीच्या खोलीत ती बदलत नाहीत.

खडूधूळ

गोष्ट खरी, पण अर्धी सांगितलीत. १९२० मध्ये ते राजीनामा देऊन लंडनला निघून गेले. आणि ते शिकाऊ म्हणून नाही, प्राध्यापक म्हणून आत गेले होते, पूर्ण पगारावर.

जाहिरातीची अट मात्र चांगली आहे. ती असेल तर माझा विरोध बराच कमी होतो. पण जाहिरात निघणं आणि जागा भरणं यात किती वर्षं जातात, ते मला विचारा.

शून्य_अंश

जाहिरातीची अट मलाही पटली. राखीव-खुला वाद बाजूला ठेवून सांगतो, रिकाम्या जागांचा प्रश्न सगळ्यांचाच आहे. मी नेट होऊन सहा वर्षं झाली, आता एका खाजगी क्लासमध्ये शिकवतो.

खडूधूळ

एक व्यावहारिक प्रश्न राहिला. तळटीप, तुमच्या फेलोला 'पूर्ण स्वतःचा पेपर' मिळणार म्हणता. कुठला? एमएचा पंधरा मुलांचा ऐच्छिक पेपर, की प्रथम वर्षाचा सव्वाशे मुलांचा? आणि हे ठरवणार कोण?

निवृत्त_मास्तर

वेळापत्रक विभागप्रमुख करतो. मी अकरा वर्षं केलं. नव्या माणसाला काय द्यायचो ते विचारू नका.

खडूधूळ

विचारलं.

निवृत्त_मास्तर

प्रथम वर्ष. शनिवार, शेवटचा तास.