घरच्या मीटरवर मायनिंग मशीन: एस२१, जुनं एस१९ की बिटॅक्स?

काळी कसदार (आर्णी)
गावातल्या दोन-तीन पोरांनी बिटकॉइन मायनिंगचं, म्हणजे सतत आकडेमोड करून नवे बिटकॉइन मिळवायचं मशीन घरी बसवायचं मनावर घेतलंय. कापसाचा पैसा हातात आहे आणि वापरलेली अँटमायनर एस१९ स्वस्तात मिळताहेत. माझं मत स्पष्ट आहे: घरगुती मीटरवर चालवायचं तर जुनं मशीन घेऊच नये. एस१९ ला ९५ टेराहॅशसाठी (एक टेराहॅश म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी हिशेब) ३२५० वॅट लागतात, त्याच कंपनीच्या त्यानंतरच्या एस२१ ला २०० टेराहॅशसाठी ३५००. जवळपास तेवढ्याच विजेत दुप्पट काम. एप्रिल २०२४ मध्ये ब्लॉकमागचं, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा जोडल्याचं बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं. तेव्हापासून तेवढ्याच कामाला जास्त वीज खाणाऱ्या मशीनला घरात जागाच उरलेली नाही. कोणाचं वेगळं मत असेल तर आकड्यांसह सांगा, पोरं हे वाचणार आहेत.

फेज न्यूट्रल (दारव्हा)
भाऊ, मशीन कोनतं ते मंग पाहू, पयले घरचं व्होल्टेज पाहा. या मशिनीले २०० व्होल्टच्या वर लागते. आमच्याकडं हरभऱ्याचं ओलित सुरू झालं की स्टॅबिलायझरचा काटा १७० वर येते, ट्यूबलाइट बी धड लागत नाही. तिथं मशीन दिवसातून कितीदा बंद पडन? आन ३५०० वॅट म्हनजे १५ अँपिअर, चोवीस तास. घरातली वायर कूलर-पंख्याच्या हिशेबानं टाकलेली असते. मी वायरिंगचंच काम करतो, काळे पडलेले सॉकेट रोज पाहातो. वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आन चांगली अर्थिंग नसन तर मशीन नवं असो का जुनं, घरात आनू नका.

संत्रा बाग (वरुड)
मला काळी कसदार यांचं म्हणणं मुळीच पटत नाही. जुनं एस१९ पूर्ण ताकदीनं चालवायचं कोणी सांगितलं? सेटिंगमध्ये वॅट कमी करता येतात. वॅट जितके उतरतात तितके टेराहॅश उतरत नाहीत, आणि पंख्याचा आवाजही खाली येतो. छतावर ५ किलोवॅट सोलर असेल तर दिवसाला २० युनिटच्या आसपास मिळतात. मशीन २००० वॅटवर आणलं आणि फक्त उन्हाच्या आठ तासांत चालवलं तर १६ युनिट. वर्षाअखेरी उरलेल्या युनिटला वीज कंपनी जो दर देते तो फारच कमी असतो. त्यापेक्षा ते इथं वापरलेले बरे. नव्या मशीनमध्ये लाखो अडकवायचे आणि भाव पडला की बसायचं, हे कास्तकाराला परवडत नाही.

काळी कसदार
दादा, हिशेब मांडूनच बघू. एका बिटकॉइनचा भाव ८० लाख धरा, जगभरच्या मायनिंग मशीनची एकूण ताकद १००० एक्झाहॅश धरा (एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश). रोज साधारण ४५० नवे बिटकॉइन निघतात. त्यात २०० टेराहॅशच्या वाट्याला महिन्याला सुमारे २१,६०० रुपये येतात. एस२१ महिन्याला २५२० युनिट खातं. म्हणजे युनिटमागे साडेआठ रुपये हाती येतात. घरगुती बिलात ५०० युनिटच्या वरचा टप्पा याहून कितीतरी महाग आहे, म्हणून सोलरशिवाय एस२१ सुद्धा तोट्यात, हे मी लपवत नाही.
आता तुमचं एस१९. २००० वॅटवर ६५ टेराहॅश धरले तर आठ तासांच्या हिशेबानं महिन्याला २३४० रुपये, ४८० युनिटमागे. युनिटला पाच रुपयेही पडत नाहीत. नेट मीटरिंगमध्ये तेच युनिट तुमच्या रात्रीच्या वापरातून वजा झाले असते, ते फुकट कसे?

संत्रा बाग
ज्याचा घरचा वापर भागून युनिट उरतात त्याच्यापुरतंच मी बोलतोय. वरुड-मोर्शीकडं मोठी छतं आणि माणसं दोन, अशी घरं पुष्कळ आहेत.

पैनगंगेकाठी (उमरखेड)
साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाले वीज मोफत हाये. मशीन शेतातल्या खोलीत ठेवलं तर बिलाचा प्रश्नच मिटते.

फेज न्यूट्रल
हे डोक्यातून काढा. पंपाच्या कनेक्शनवर दुसरा वापर म्हनजे वीज कायदा २००३, कलम १२६, दुप्पट दरानं वसुली. कृषी फीडरले लाइनच आठ तास. आन तुमच्या मशीनपायी डीपी जळाली तर साऱ्या शिवाराचं ओलित बसते. हरभरा घाट्यावर असताना शेजारी तुमाले माफ करनार नाही.

सेलूची पोर (वर्धा)
काका, मोठ्या मशीनचा विचारच का? आमच्याकडे भाव चढेपर्यंत कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेला असतो. मशीनचे पंखे समोरून हवा ओढतात, रुईचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत अडकून थर बसतो, आणि मागून गरम झोत निघतो तो कापसाच्या गंजीवर. एस१९ ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेलं आहे. मे महिन्यात टिनाखाली किती असतं ते सगळ्यांना माहीत आहे. वर ७५ डेसिबल आवाज, आजी-आजोबा त्या घरात झोपणार कसे?
बिटॅक्स घ्या, ते छोटंसं मायनिंग मशीन आहे. १५-१७ वॅट, साधारण १.२ टेराहॅश, महिन्याला १२ युनिट. त्याचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं आहे. चिप कशी तापते, पूल (अनेकांनी मिळून केलेलं मायनिंग) म्हणजे काय, नोंदी कशा जुळतात, हे मी त्यावरच शिकले. गावातल्या पोरांनी हे शिकावं असं मला मनापासून वाटतं.

जमाखर्च (अकोला)
ताई, शिकण्यासाठी असेल तर माझा विरोध नाही. पण बिटॅक्स ‘ब्लॉक लागला तर अडीच कोटी’ असं सांगून विकलं जातं, ते थांबायला हवं. वरच्याच आकड्यांनी १.२ टेराहॅशला एकट्यानं ब्लॉक लागायला सरासरी सोळा हजार वर्षं लागतात. आणि कराचं कोणीच बोललं नाही. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. त्यातून मशीनची किंमत किंवा वीजबिल वजा होत नाही, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. बिटकॉइन हवाच असेल तर थोडा विकत घ्या, निदान खरेदी किंमत तरी वजा होते. पेरणीचा पैसा मात्र कशातच घालू नका.

सेलूची पोर
विकत घेऊन भाव बघत बसण्यात शिकण्यासारखं काही नाही सर. ब्लॉक लागेल म्हणून घ्या असं मी कुठंच म्हटलेलं नाही.

काळी कसदार
पोरांना हा हिशेब वाचून दाखवतो. ज्याच्या घरी सोलर नाही त्यानं मोठं मशीन घेऊ नये, एवढं ठामपणे सांगणार. ज्याच्याकडे आहे त्यानंही आधी संध्याकाळचं व्होल्टेज आठवडाभर लिहून ठेवावं.

फेज न्यूट्रल
आन मंजूर भार वाढवून घ्यावा, अर्थिंग तपासावी. ऑर्डर त्याच्या नंतर.

संत्रा बाग
अर्थिंगचं, भाराचं सगळं मान्य. एस१९ वर मात्र मी कायम आहे.