प्लिसेत्स्काया पळून का गेली नाही?

एक प्रश्न आलाय, सोव्हिएत बॅले नर्तक नुरेयेव १९६१मध्ये पॅरिस दौऱ्यात पश्चिमेकडे निसटला, मग सोव्हिएत बॅलेरिना माया प्लिसेत्स्काया मॉस्कोतच का राहिली? संधी तिला उशिरा मिळाली, हेही बघा. वडिलांना स्टालिनच्या राजवटीत १९३८मध्ये गोळ्या घातलेल्या, आई कैद्यांच्या छावणीत. मायाला सांभाळलं मावशीनं, बॅलेरिना सुलामिथ मेसेररनं. १९५६च्या लंडन दौऱ्यातून मॉस्कोच्या बोल्शोई बॅलेची ही आघाडीची नर्तकी वगळली गेली. १९५९मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर जाऊ दिलं, तोवर संगीतकार श्चेद्रिनशी लग्न झालं होतं. मला वाटतं, तिचं बंड रंगमंचावरच होतं. १९६७चा तिचा 'कार्मेन सूट' हा बॅले सोव्हिएत संस्कृतिमंत्री फुर्त्सेवांना अजिबात रुचला नव्हता, तरी ती नाचत राहिली. गंमत म्हणजे, पळाली ती मावशी! १९८०मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर.